धातूचा थकवा

माणूस थकतो, बैल थकतो, लांबची मजल मारून आलेला घोडा थकतो. परंतु लोखंड थकते असे कोणी म्हटले, तर ऐकणाऱ्याला तो भाषेचा अलंकार वाटावा. वस्तुतः धातुशास्त्राच्या आणि यंत्रशास्त्राच्या परिभाषेत 'थकवा' हा अगदी रोजच्या व्यवहारातला शब्द आहे. धातूंचे गुण सांगणारे बाकीचे शब्द फार जुने. काच कठीण पण ठिसूळ, तांबे मऊ पण चिवट, पोलादाची पट्टी लवचीक, बिडाची कढई पडली की तडकणारी, हे लोहाराला आणि तांबटाला शास्त्र जन्मण्यापूर्वीच ठाऊक होते. थकव्याचे तसे नाही. हा शब्द एकोणिसाव्या शतकात आला, त्याला जन्म दिला आगगाडीने, आणि त्याचा खरा अर्थ उमगेपर्यंत शंभर वर्षे आणि शेकडो माणसे खर्ची पडली.

रविवार, दिनांक 8 मे 1842. फ्रान्सचा राजा लुई फिलिप याच्या नावाने व्हर्सायच्या उद्यानात उत्सव झाला होता आणि सायंकाळी पॅरिसकडे परतणाऱ्यांनी आगगाडी खच्चून भरली होती. गाडीला पुढे दोन एंजिने जोडली होती. म्यूदाँजवळ पहिल्या एंजिनाची आस मोडली. ते एंजिन कोलमडले, मागचे त्याच्यावर चढले, आणि पाठोपाठ येणारे लाकडी डबे एकावर एक रचले जाऊन भट्टीतल्या निखाऱ्यांनी पेटले. प्रवाशांनी वाटेत उतरू नये म्हणून डब्यांची दारे बाहेरून कुलूपबंद करण्याची तेव्हा रीत होती. पन्नासाहून अधिक माणसे त्यांत जळून गेली. मृतांमध्ये द्युमाँ द'उर्व्हिल हा विख्यात दर्यावर्दी होता. दक्षिण ध्रुवाकडील हिमसमुद्रातून जहाजे सुखरूप परत आणणारा आणि तेथे सापडलेल्या किनाऱ्याला 1840 साली आपल्या पत्नीचे, आदेलचे, नाव देणारा हा माणूस राजधानीपासून हाकेच्या अंतरावर पत्नी आणि मुलासह प्राणास मुकला.

दारांना कुलूप घालण्याची चाल या अपघातानंतर फ्रान्समध्ये बंद झाली. परंतु इंजिनियरांना छळणारा प्रश्न निराळाच होता. ती आस मोडलीच कशी? तिच्यावर त्या दिवशी असा कोणता भार पडला होता, जो आदल्या दिवशी पडला नव्हता? लोखंड चांगले होते. भार ठरल्याप्रमाणे होता. आणि पहिल्या दिवशी जो भार तिने सहज पेलला, तोच भार पेलताना एके दिवशी ती काही पूर्वसूचना न देता मोडली. ही आस एकटी नव्हती. रेल्वे सुरू झाल्यापासून इंग्लंडात, फ्रान्समध्ये, जर्मनीत ठिकठिकाणी आसा अशाच मोडत होत्या.

अडचण अशी, की तोवरचे सगळे शास्त्र एकाच प्रश्नाचे उत्तर देत होते. सळई टांगावी, तिला वजने लावीत जावे, ती तुटली की वजन लिहून ठेवावे. त्या आकड्याला सळईची ताकद म्हणावे आणि प्रत्यक्ष कामात त्याच्या चौथाई-पंचमांश भार देऊन निश्चिंत राहावे. पूल, तुळया, साखळदंड यांचा हिशेब असाच होई. 'किती भार' हे विचारले जाई; 'किती वेळा' हे विचारण्याचे कोणाच्या मनात येत नसे. देवळाच्या खांबावर शतकानुशतके एकच भार असतो, त्यामुळे तेथे तो प्रश्न उद्भवतच नाही. परंतु आगगाडीच्या आसेचे तसे नाही. डब्याच्या भाराने ती किंचित वाकते आणि वाकलेल्या स्थितीतच फिरत राहते. जी बाजू या क्षणी ताणली जाते, तीच अर्ध्या फेऱ्यानंतर दाबली जाते आणि पुढच्या अर्ध्या फेऱ्यात पुन्हा ताणली जाते. चाक सुमारे एक मीटर व्यासाचे धरले, तर मुंबईहून दिल्लीला पोहोचेपर्यंत आसेचा प्रत्येक कण सुमारे साडेचार लाख वेळा असा ओढला आणि दाबला जातो. मनुष्याने तोपर्यंत बनविलेल्या कोणत्याही वस्तूला एवढे हेलकावे इतक्या थोड्या काळात सोसावे लागले नव्हते.

तार हाताने तोडावयाची असली म्हणजे तिला ओढीत बसण्यापेक्षा पुढेमागे वाकवावी, हे पोरासोरांनाही माहीत असते. मग इंजिनियरांना ते का सुचू नये? पण तार वाकविताना ती डोळ्यांदेखत वाकते आणि वाकलेलीच राहते. आसेचे वाकणे डोळ्यांना दिसत नाही, आणि भार काढला की ती पुन्हा सरळ होते, जणू काही घडलेच नाही. पूर्ववत होणाऱ्या वस्तूला इजा होत नाही, हा त्या काळचा सिद्धान्त होता. थकव्याने खोटा पाडला तो हाच.

'थकवा' हा शब्द यंत्रशास्त्रात प्रथम वापरणाऱ्यांमध्ये फ्रेंच गणिती आणि सैनिकी इंजिनियर पाँसले याचे नाव घेतात. 1839 च्या आपल्या ग्रंथात त्याने वारंवार ताण-दाब सोसणाऱ्या धातूला हा शब्द लावला. या पाँसलेला थकवा म्हणजे काय ते पुस्तकातून शिकावे लागले नव्हते. नेपोलियनच्या रशियावरील स्वारीत तो 1812 साली पकडला गेला आणि गोठलेल्या मैदानांतून महिनोन् महिने पायपीट करीत व्होल्गाकाठच्या साराटोव्ह गावी कैदी म्हणून पोहोचला. इंग्रजीत हा शब्द रूढ केला तो फ्रेडरिक ब्रेथवेट याने. 1854 साली लंडनच्या स्थापत्य-इंजिनियरांच्या संस्थेपुढे त्याने धातूंच्या थकव्यावर निबंध वाचला आणि अकारण मोडलेल्या यंत्रभागांची एक यादीच मांडली. शब्द आपला नव्हे, तो आपल्याला फील्ड नावाच्या व्यवसायबंधूने सुचविला, हेही त्याने प्रांजळपणे सांगून टाकले.

शब्द समर्पक होता, म्हणून चटकन रुजला. परंतु उपमेतून जन्मलेल्या शब्दाचा एक धोका असतो. उपमा एका अंगाने जुळते आणि माणसे ती सर्वांगांनी जुळली असे धरून चालतात. थकलेला माणूस सर्वांगाने थकतो. त्याचा एखादाच स्नायू थकून बाकीचे शरीर ताजेतवाने राहात नाही. तद्वत् आसही सगळीच्या सगळी जीर्ण होत असली पाहिजे, असा समज पसरला. शिवाय थकलेला माणूस विश्रांतीने ताजा होतो. मग धातूलाही विसावा दिला तर? हा दुसरा समज इतका गोड होता की तो पुष्कळ दिवस टिकला.

पहिल्या समजाला तर डोळ्यांचा पुरावाही होता. चांगले घडीव लोखंड ओढून तोडले, तर तुटलेले तोंड तंतुमय दिसते, उसाच्या पेराचे चिपाड दिसते तसे. याउलट, चालत्या गाडीखाली मोडलेल्या आसेचे तोंड खडीसाखरेसारखे कणीदार आणि चकचकीत दिसे. यावरून निष्कर्ष निघाला, की गाडीच्या सततच्या धक्क्यांनी लोखंडाचे तंतू मोडून त्यांचे स्फटिक बनतात आणि चिवट लोखंड हळूहळू ठिसूळ होते. निष्कर्ष सुबक होता, तर्काला धरून होता, आणि साफ चुकीचा होता. धातू मुळातच स्फटिकांचा बनलेला असतो. नवा असो की जुना, तो स्फटिकमयच असतो. एकाएकी तुटला की स्फटिकांच्या पैलूंवर उजेड चमकतो, लांबत लांबत तुटला की तेच स्फटिक ओढले जाऊन तंतूंसारखे दिसतात. फरक तुटण्याच्या रीतीत होता, लोखंडाच्या जातीत नव्हे. प्रसिद्ध रेल्वे-इंजिनियर रॉबर्ट स्टीफन्सन याला ही शंका तेव्हाच आली होती. इंग्लंडातील यंत्र-इंजिनियरांच्या संस्थेत या विषयावर वाद रंगला असता त्याने सांगितले, की तंतुमय म्हणविणारा एक तुकडा आणि स्फटिकमय म्हणविणारा दुसरा असे दोन्ही आपण सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, पण त्यांत खरा भेद काही आढळला नाही. तरीही लोखंडाचे 'स्फटिकीभवन' कारखान्यांच्या बोलीतून पुढे कित्येक पिढ्या गेले नाही.

त्याच्याही आधी, व्हर्सायच्या अपघाताला जेमतेम वर्ष उलटले असता, एका तरुणाने सत्य जवळजवळ हातात धरले होते. स्कॉटलंडचा विल्यम रँकिन तेव्हा अवघा बावीस-तेवीस वर्षांचा. पुढे उष्णतेच्या शास्त्रात त्याने अपार कीर्ती मिळविली, पण 1843 साली तो सामान्य रेल्वे-कर्मचारी म्हणावा असा होता. मोडलेल्या आसा त्याने गोळा केल्या आणि तर्क लढविण्याऐवजी त्यांची तुटलेली तोंडे न्याहाळली. त्याला असे दिसले, की आसेचा जाड भाग जेथे एकाएकी बारीक होतो, त्या गळ्याशी, सभोवार एक गुळगुळीत, नियमित, अत्यंत बारीक चीर पडलेली आहे आणि ती सरासरी अर्धा इंच आत गेली आहे. तिच्या आत मध्यभागी उरलेले लोखंड तेवढे खडबडीत. म्हणजे आस एका क्षणी मोडली नव्हती. ती कित्येक महिने मोडत होती. चीर बाहेरून आत कणाकणाने सरकत होती आणि मधला निरोगी गाभा आक्रसत होता. तो भार पेलण्यास अपुरा पडला, त्या दिवशी अपघात झाला. उरलेल्या आसेचे लोखंड मात्र होते तसेच तंतुमय आणि चिवट होते.

रँकिनने उपायही सांगितला, आणि तो फार साधा होता. जाड भागाकडून बारीक भागाकडे येताना काटकोनी पायरी ठेवू नये. तेथे वळणदार, हळुवार उतार द्यावा. कोपरा जितका तीक्ष्ण, तितका तेथे ताण एकवटतो. आज यंत्रशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पहिल्या-दुसऱ्या वर्षीच हे शिकविले जाते. त्या वेळी मात्र निबंध वाचला गेला, छापला गेला, आणि आसा मोडत राहिल्या.

रँकिनने चीर पाहिली. पण ती किती फेऱ्यांनी पडते, कोणत्या भाराखाली पडते आणि कोणत्या भाराखाली पडतच नाही, याचे मोजमाप कोणी केले नव्हते. एक प्रयत्न जर्मनीत हार्झ पर्वतातील क्लाउस्टालच्या खाणींत झाला होता. तेथील अधिकारी आल्बर्ट याने पाळण्याच्या लोखंडी साखळ्या तुटतात म्हणून 1829 च्या सुमारास त्यांवर पुनःपुन्हा भार देऊन पाहिला होता, आणि पुढे 1834 साली साखळीच्या जागी तारांचा पीळदार दोर आणला. इंग्लंडात 1847 साली डी नदीवरचा बिडाचा पूल गाडीखाली कोसळल्यावर सरकारी आयोग नेमला गेला. त्यालाही असेच आढळले, की बिडाच्या तुळया एका खेपेला मोडणाऱ्या भाराच्या एक तृतीयांश भारदेखील वारंवार दिल्यास जेमतेमच सोसतात. परंतु हे सारे तुटक प्रयत्न होते.

सलग तप करणारा भेटला तो प्रशियाच्या रेल्वेत. आउगुस्ट व्होलर हा ओडर नदीकाठच्या फ्रँकफुर्ट गावी रेल्वेच्या कारखान्याचा प्रमुख होता. आधी त्याने एक उपकरण बनवून धावत्या गाडीच्या आसेलाच जोडले; गाडी ब्रेस्लाउ ते बर्लिन अशा खेपा करी आणि आस किती वाकते त्याच्या रेघा जस्ताच्या पत्र्यावर उमटत. अशा रीतीने आसेवर प्रत्यक्षात किती ताण पडतो हे प्रथम कळले. मग त्याने यंत्रे बांधली. नमुन्याची दांडी फिरत ठेवावयाची, टोकाला ठराविक भार द्यावयाचा, आणि ती मोडेपर्यंत फेरे मोजावयाचे. भार थोडा कमी करून दुसरी दांडी लावावयाची. तो आणखी कमी करून तिसरी. सुमारे बारा वर्षे, 1870 पर्यंत, हा उद्योग चालला. काही दांड्या काही हजार फेऱ्यांत मोडल्या, काही लाखांत, आणि काही कोट्यवधी फेऱ्यांनंतरही अभंग राहिल्या.

त्या कंटाळवाण्या आकड्यांच्या कोष्टकांतून दोन गोष्टी निघाल्या. एक अशी, की धातू एका वेळी तोडण्यास जेवढा ताण लागतो त्याहून पुष्कळ कमी ताणाने तो तुटतो, फक्त तो ताण पुरेसे वेळा आला पाहिजे; आणि ताणाचा कमाल आकडा किती यापेक्षा तो किती खालून किती वर हेलकावतो, याला महत्त्व अधिक. दुसरी अशी, की लोखंड आणि पोलाद यांच्या बाबतीत एक मर्यादा असते; तिच्या खाली राहिल्यास फेरे कितीही होवोत, धातू मोडत नाही. या मर्यादेला पुढे सहनसीमा म्हणू लागले. रेल्वेला तिच्यामुळे पायाखाली भूमी मिळाली. मात्र ही कृपा पोलादाची आहे, सर्व धातूंची नाही. ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूंना अशी स्पष्ट सीमा नसते. ताण कितीही उतरवला तरी फेऱ्यांचा हिशेब कोठेतरी संपतोच. व्होलरच्या काळी ॲल्युमिनियम ही नवलाईची धातू होती, त्यामुळे या भेदाची झळ कोणाला लागली नाही. ती लागली विमानांच्या युगात.

चीर कशी सुरू होते हे 1903 साली केंब्रिजच्या युइंग आणि हंफ्री यांनी दाखविले. चकाकी दिलेल्या स्वीडिश लोखंडाला त्यांनी हेलकावे दिले आणि मधूनमधून थांबून सूक्ष्मदर्शकातून पाहिले. काही थोड्या स्फटिकांवर बारीक रेघा उमटल्या, कारण तेथे स्फटिकाचे थर पत्त्यांच्या गड्डीसारखे एकमेकांवरून घसरत होते. रेघा रुंदावल्या आणि त्यांतल्याच एखादीची चीर झाली. शेजारचे स्फटिक तेव्हाही नव्यासारखे होते. विश्रांतीने बरे होण्यासारखे त्यात काही नव्हते; पडलेली चीर झोपेने सांधत नाही. 'थकवा' हा शब्द अशा रीतीने साठ वर्षांनी त्याच्या उपमेपासून सुटला. शब्द तोच राहिला, अर्थ पालटला.

हे सारे कळल्यावर तरी विषय संपावा. पण ग्रंथात असलेले ज्ञान आणि कारखान्यात वापरले जाणारे ज्ञान यांत अंतर पडते, आणि येथे ते अंतर भारताच्या आकाशातूनही गेले.

2 मे 1952 रोजी 'कॉमेट' या ब्रिटिश विमानाने जेट विमानांतून उतारूंची नियमित वाहतूक सुरू केली. ते चाळीस हजार फुटांच्या आसपास उडे, म्हणजे तोवरच्या उतारू-विमानांच्या जवळजवळ दुप्पट उंचीवरून. त्या विरळ हवेत माणसे जगावीत म्हणून आतील हवा दाबून ठेवावी लागे. विमान वर चढले की त्याची ॲल्युमिनियमची पातळ कातडी फुग्यासारखी ताणली जाई आणि खाली उतरले की सैल पडे. प्रत्येक उड्डाण म्हणजे एक फेरा. पुढच्या वर्षी त्याच तारखेला, 2 मे 1953 रोजी, कलकत्त्याच्या दमदम विमानतळावरून दिल्लीकडे निघालेले एक कॉमेट अवघ्या काही मिनिटांत वादळी ढगांत सापडून हवेतच भंगले. 43 माणसे गेली. भारतीय चौकशी न्यायालयाने वादळाचे जबर झोत किंवा त्यांशी झुंजताना विमानावर आलेला ताण यांकडे बोट दाखविले. निष्कर्षांत थकव्याचे नाव नव्हते. 10 जानेवारी 1954 रोजी दुसरे कॉमेट सिंगापूरहून भारतमार्गे लंडनला जाताना रोम सोडल्यावर एल्बा बेटाजवळ समुद्रात कोसळले. 2 मे 1952 चे पहिले उड्डाण केलेले विमान ते हेच. या वेळी आकाश निरभ्र होते. उड्डाणे थांबविली गेली, आग लागली असावी असे धरून अनेक सुधारणा केल्या गेल्या, आणि 23 मार्चला ती पुन्हा सुरू झाली. सोळाव्या दिवशी, 8 एप्रिलला, तिसरे कॉमेट नेपल्सजवळ समुद्रात गेले.

तेव्हा फार्नबरो येथील संशोधनसंस्थेने, अर्नोल्ड हॉल यांच्या नेतृत्वाखाली, एक संबंध कॉमेट प्रचंड टाकीत बसवून आतबाहेर पाण्याने भरले. हवेने फुगविले असते तर फुटताना सारे छिन्नविच्छिन्न होऊन पुरावा नाहीसा झाला असता. पाणी दाबले जात नसल्याने चीर पडली की दाब एकदम उतरतो. पंख टाकीबाहेर ठेवून तेही हलवीत राहिले, आणि आतील पाण्याचा दाब उड्डाणांच्या हिशेबाने चढवीत-उतरवीत राहिले. जूनच्या अखेरीस, आधीची खरी उड्डाणे धरून 3,057 व्या फेऱ्याला, खिडकीच्या कोपऱ्यापासून कातडी फाटली. एल्बाजवळ पडलेल्या विमानाने 1,290 उड्डाणे केली होती, नेपल्सजवळच्याने सुमारे 900. समुद्रातून काढलेल्या अवशेषांत एल्बाच्या विमानाची चीर छतावरील एका झरोक्याच्या कोपऱ्याशी, भोकाच्या कडेला, सुरू झालेली आढळली. कॉमेटच्या खिडक्या चौकोनी होत्या म्हणून ते पडले, ही पुढे लोकप्रिय झालेली कथा अर्धीच खरी आहे. कोपरे गोलसर होतेच. परंतु कातडी पातळ होती, आणि कोपऱ्यांशी प्रत्यक्ष येणारा ताण हिशेबात धरलेल्यापेक्षा पुष्कळ अधिक होता.

निर्मात्यांनी चाचणी घेतलीच नव्हती असे नाही, आणि हाच या प्रकरणातला सर्वांत बोचरा भाग. त्यांनी विमानाच्या धडाचा एक तुकडा सुमारे 18,000 वेळा फुगवून पाहिला होता आणि तो टिकला होता. पण तोच तुकडा त्यापूर्वी ताकदीच्या परीक्षेसाठी दुप्पट दाबाखाली ताणलेला होता. त्या मोठ्या ताणाने भोकांच्या कडेचा धातू कायमचा थोडासा ढळला आणि दाब उतरल्यावर तेथे उलटा दाब बसून राहिला; पुढचे सगळे फेरे त्याने अडविले. प्रवाशांना घेऊन उडणाऱ्या विमानांना असा दुप्पट ताण कधीच दिलेला नव्हता. ताकदीची परीक्षा आणि थकव्याची परीक्षा एकाच तुकड्यावर घेतली गेली, आणि पहिलीने दुसरीचे उत्तर बदलून टाकले.

फार्नबरोच्याच संस्थेतला एक शास्त्रज्ञ विमानाची शेपटी थकव्याने मोडणार म्हणून जीव तोडून सांगतो आणि त्याचे कोणी ऐकत नाही, अशी एक कादंबरी नेव्हिल शूट या विमान-इंजिनियर लेखकाने 1948 सालीच लिहिली होती.

कॉमेटनंतर विमानाच्या संपूर्ण सांगाड्याला हजारो उड्डाणांचे फेरे देऊन पाहण्याची पद्धत अधिक कसोशीची झाली, आणि चीर पडणारच असे धरून ती वेळीच सापडावी अशी तपासणीची वेळापत्रके आखली जाऊ लागली. आगगाडीखालीही थकवा अजून हयात आहे. जर्मनीत एशेडे येथे 3 जून 1998 रोजी द्रुतगती गाडीच्या चाकाची पोलादी धाव अशाच चिरेने तुटली आणि 101 माणसे मेली. आपल्याकडे स्थानकात गाडी थांबली की लांब दांड्याची हातोडी घेऊन चाकांवर ठोके देत जाणारा कर्मचारी एकेकाळी सर्वांच्या परिचयाचा होता. निरोगी चाक घंटेसारखे वाजते, भेगाळलेले बद्द वाजते. त्याचा कान तेवढा फरक टिपी. परंतु आसेचा जो भाग चाकाच्या तुंब्यात घट्ट बसविलेला असतो, तेथील चीर ना डोळ्याला दिसते, ना हातोडीला नेहमी सापडते. रेल्वेच्या कारखान्यांत आता आसेच्या टोकाला श्राव्यातीत ध्वनीचे उपकरण लावतात, आणि चीर असेल तर मधूनच परत फिरलेला प्रतिध्वनी पडद्यावर उमटतो.